काशीत काय सोडलं?

माझ्या पिशवीत कायम एक छापील तक्ता असतो. डावीकडे प्राण्यांची नावं, उजवीकडे रिकामे चौकोन. सहलीच्या पहिल्या रात्री जेवणं झाली की तो पाहुण्यांना वाटायचा आणि शेवटच्या दिवशी किती चौकोनांत बरोबरची खूण पडली ते हळूच पाहून घ्यायचं. त्यावरून पुढच्या वर्षीच्या बुकिंगचा अंदाज येतो. ताडोब्याच्या तक्त्यात वाघ, अस्वल, रानकुत्री. कान्ह्याला बारशिंगा वाढतो. काझीरंग्याला गेंडा आणि रानम्हैस, गीरला सिंह. राज्य बदललं की कागद बदलतो, पाहुणा मात्र बदलत नाही. मोहर्ली गेटवर पहाटेच्या थंडीत जिप्सीत चढताना तो जे विचारतो, तेच काझीरंग्यात हत्तीवर चढताना विचारतो: "दिसेल ना?"

दशाश्वमेध घाटाचा तक्ता माझ्याकडे नव्हता.

2009 च्या डिसेंबरात आमच्या कंपनीने पन्ना आणि काशी अशी जोडसहल काढली. कल्पना साधी होती. काकांना वाघ, काकूंना विश्वनाथ. (प्रत्यक्षात दोन काकू वाघासाठी आल्या होत्या आणि त्यांचे नवरे गंगास्नानासाठी. माहितीपत्रक लिहिणाऱ्यांना माणसं कळत नाहीत, आणि ते लिहिणारा मीच होतो.) एकोणीस जण होते. त्यात नागपूरच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना दुसऱ्या दिवसापासून सगळे बाईच म्हणायला लागले, मीही.

त्या वर्षी पन्न्याला वाघ दाखवायला नेणं हे धाडसच होतं. तिथला शेवटचा वाघही संपल्याचं त्याच वर्षी सरकारने मान्य केलं होतं. मार्चमध्ये बांधवगड आणि कान्ह्याहून एकेक वाघीण आणून सोडली होती. नोव्हेंबरात पेंचहून एक नर आणला, कागदोपत्री नाव टी-3. आम्ही पोहोचलो तेव्हा टी-3 पन्न्यात नव्हताच. सोडल्यावर थोड्याच दिवसांत त्याने दक्षिणेची वाट धरली होती, म्हणजे त्याच्या पेंचची. हत्ती, गाड्या आणि वनखात्याची माणसं त्याच्या मागावर गेली होती. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यामुळे माग लागत होता. आमच्या गाइडने हे सांगितलं ते तक्रारीच्या सुरात नव्हे. सासरी न रमलेली लेक माहेरी निघाली, असं सांगावं तसं सांगितलं. नाताळाच्या सुमारास टी-3 ला बेशुद्ध करून परत आणलं. पुढच्या एप्रिलमध्ये बांधवगडच्या वाघिणीला त्याच्यापासून बछडे झाले आणि आज पन्न्यात पन्नासच्या वर वाघ आहेत. पण हे सगळं नंतरचं. त्या डिसेंबरात आमच्या एकोणीस तक्त्यांवर वाघाचा चौकोन कोराच राहिला, आणि सतन्याहून काशीच्या गाडीत बसेपर्यंत माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. एक बाईच तेवढ्या म्हणाल्या, "सोडला, पण डोळा ठेवून सोडला. हे बरं केलं."

दशाश्वमेधला आम्ही संध्याकाळच्या आरतीच्या तासभर आधी पोहोचलो. वाघ न दाखवलेल्या माणसाने अशा वेळी इतिहास काढावा. नानासाहेब पेशव्यांनी 1748 च्या सुमारास हा घाट बांधला, अहिल्याबाई होळकरांनी 1774 मध्ये तो पुन्हा बांधून काढला, शेजारच्या घाटाला त्यांचंच नाव आहे, खाली शिंद्यांचा आणि भोसल्यांचा घाट, त्याच्याही पुढे ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं. एवढं सांगितलं की मराठी पाहुण्याला त्या पायऱ्या थोड्या आपल्या वाटायला लागतात. तो चप्पल काढून बसतो. मग नावाची कथा. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले, म्हणून दशाश्वमेध.

"म्हणजे दहा घोडे सोडले," बाई म्हणाल्या. "आणि अश्वमेधाचा घोडा कोणी वाऱ्यावर सोडत नाही हो. तो जाईल तिकडे मागे सैन्य जातं. तुमच्या पन्न्यातल्यासारखं."

मी हसलो. तेव्हा ते गमतीचं वाटलं होतं.

एव्हाना पायऱ्यांवर दुसरंच चाललं होतं. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी कायमचं सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. साताऱ्याच्या एका काकूंनी वांगं सोडलं. त्यांच्या यजमानांनी कारलं सोडलं, जे त्यांनी जन्मात कधी आनंदाने खाल्लं नव्हतं. त्यावरून जरा चकमक झाली. पुण्याचे एक काका म्हणाले, मी साखर सोडतो. डॉक्टरने ती आधीच सोडवली होती. कोण काय सोडतंय याची यादीच व्हायला लागली.

आरतीआधी फेरी मारायची म्हणून आम्ही नाव केली. नाववाला माझ्याच वयाचा, तिशीतला. नदीकडे न बघता नाव चालवत होता. पुण्याचे काका काठावरून हात पाण्यात घालून बसले होते. समोर मधोमध एकाने गळ टाकलेला दिसला तसा नाववाला ओरडला, मग आमच्याकडे वळून म्हणाला, "यहाँ मछली मारना मना है, साहब। सेंचुरी है।"

सेंचुरी हा शब्द कानावर पडला आणि मी ताठ झालो. कशाची सेंचुरी?

"कछुआ सेंचुरी। वो रामनगर किले से लेकर उधर मालवीय पुल तक।"

मी जंगल सहलींवर पोट भरणारा माणूस. आणि मी एका अभयारण्याच्या मधोमध बसलो होतो, आणि मला पत्ता नव्हता. गेट नाही, तिकीट नाही, गाइडची सक्ती नाही, प्लॅस्टिक बंदी नाही. एका काठाला ऐंशीच्या वर घाट आणि त्यांच्यामागे अख्खं शहर, दुसऱ्या काठाला कोरी वाळू, आणि मधलं सात किलोमीटरचं पाणी म्हणजे वन्यजीव अभयारण्य. 1989 साली जाहीर झालेलं. गोड्या पाण्यातल्या कासवांसाठीचं देशातलं पहिलं. हे आकडे मी त्या रात्री लॉजवर आल्यावर शोधून काढले. नावेत मात्र नाववाल्यानेच बाजी मारली होती.

कासवं इथे का आणली, हेही त्यानेच सांगितलं, आणि फार स्पष्ट सांगितलं. गंगा स्वच्छ करायची सरकारी योजना 1986 च्या जूनमध्ये सुरू झाली, तीही याच गावातून. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटावरची अर्धवट जळलेली प्रेतं, आणि शास्त्राप्रमाणे न जाळता प्रवाहात सोडलेली प्रेतं, यांचं करायचं काय, तर मांस खाणारी कासवं आणायची. चंबळ आणि यमुनेच्या वाळूतून अंडी गोळा करायची, सारनाथच्या केंद्रात उबवायची, पिल्लं जरा मोठी झाली की इथे सोडायची. अशी हजारो कासवं सोडली गेली.

नावेत शांतता पसरली. पुण्याच्या काकांनी हात हळूच बाहेर काढला. साताऱ्याच्या काकूंच्या मांडीवर नुकताच भरलेला पाच लिटरचा गंगाजलाचा कॅन होता, त्याचं झाकण त्यांनी पुन्हा एकदा घट्ट केलं. मग कोणीतरी, सवयीने, विचारलंच: "कासव दिसेल ना?"

"कभी-कभी मुंडी निकालता है," नाववाला म्हणाला. त्या संध्याकाळी काही निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी सारनाथला मंडळी स्तूपाकडे गेली. मी, बाई आणि आणखी दोघं विचारत विचारत कासवांच्या केंद्रावर पोहोचलो. सिमेंटचे हौद, हिरवट पाणी आणि तळहाताएवढी पिल्लं. आपल्याकडे कासव म्हटलं की देवळाच्या मंडपातलं दगडी कासव डोळ्यांपुढे येतं. आत शिरताना त्याला हात लावून कपाळाला लावायचा. ते टणक आणि निमूट. हे तसं नव्हतं. या जातीची पाठ वरून कातड्याची, कडेला तर भाकरीच्या काठासारखी लवलवती. नाक नळीसारखं पुढे आलेलं, मान बघता बघता एवढी लांब होते की पकडणाऱ्याचं बोट सापडावं. बाई वाकून बघत म्हणाल्या, "सुसरबाई, तुझी पाठ मऊ." म्हण सुसरीची, पण खरी मऊ पाठ हिची होती. चावते म्हणतात ती हीच. तिथल्या माणसाने सांगितलं की जबडा मिटला की सोडवणं कठीण.

परतीची गाडी मुगलसरायहून होती. डिसेंबरातलं धुकं आणि उत्तरेकडच्या गाड्या यांचं नातं ज्याने भोगलंय त्यालाच कळतं. गाडी आधी दोन तास लेट, मग चार, मग फलकावर वेळच येईना. फलाटावर चहा संपला, पुड्या संपल्या, अंताक्षरी संपली. अशा वेळी सहल सांभाळणाऱ्याने तोंड चालू ठेवायचं असतं. आदल्या रात्री वाचताना हाताला लागलेली एक गोष्ट मी काढली.

मुगलसराय ज्या चंदौली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात दक्षिणेला विंध्याच्या टेकड्यांत चंद्रप्रभा नावाचं अभयारण्य आहे. पूर्वी काशीनरेशांचं शिकारीचं रान. पुढे राजदरी-देवदरीच्या धबधब्यांना लोक सहलीला जायला लागले. 1957 साली तिथे गीरहून सिंह आणले होते. एक नर, दोन माद्या. गीरमध्ये साथ आली तर सगळेच एकदम जायला नकोत, म्हणून दुसरं घर करायचं, हा विचार. विचार पक्का होता. सिंह रुजलेही. 1965 पर्यंत ते अकरा झाले. आणि त्यानंतर दिसेनासे झाले. रान लहान, शंभर चौरस किलोमीटरसुद्धा नाही. बाहेर गुरं, गावं, बंदुका. कॉलर तेव्हा नव्हत्या. मागावर कोणी नव्हतं. शेवटचा सिंह कधी आणि कसा गेला, याची तारीख नाही.

"अकरा सिंह," पुण्याचे काका म्हणाले, "आणि कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"सोडताना फोटो काढतात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात गाडीची घोषणा झाली आणि सामानाची पळापळ सुरू झाली. नागपूरला उतरताना बाईंनी आपला तक्ता माझ्या हातात दिला. छापील चौकोनांत चितळ, सांबर, नीलगाय अशा चार-पाच खुणा होत्या. खाली कोऱ्या जागेत शाळेतल्या वळणदार अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं: घोडे 10. सिंह 11. वाघ 1, परत येत आहे. कासवं, आणि त्यापुढे रेघ. तो कागद अजून माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात आहे. घडीवर फाटायला आलाय.

त्यानंतर दर हिवाळ्यात काशी असतेच. कधी दुधवाला जोडून, जिथे आसाम आणि नेपाळमधून आणलेल्या गेंड्यांचं कुटुंब 1984 पासून कुंपणाच्या आत वाढलं. कधी चंबळला जोडून. चंबळला मगरी आणि सुसरी दाखवताना मला आता दर वेळी सारनाथचे हौद आठवतात. इथल्या वाळूतून अंडी उचलून काशीला नेली होती, एवढं मी पाहुण्यांना सांगतो. "काशीला मोक्ष मिळाला असेल त्यांना," असा विनोद हमखास होतो.

हिवाळ्यात घाटावर दिसतात ते कुरव. नाववाले त्यांना सायबेरियन म्हणतात, शेवेची पाकिटं विकतात, "आओ आओ" करून हाका मारतात, आणि पांढरे पक्षी नावेभोवती गोल गोल फिरतात. फोटो चांगले येतात. या कुरवांत काही तपकिरी डोक्याचे असतात. हिवाळ्यात डोकं पांढरं होऊन कानामागे फक्त गडद ठिपका उरतो, त्यामुळे ओळखू येत नाहीत. जूनमध्ये लडाखच्या तळ्यांवर चॉकलेटी डोकं मिरवताना मी त्यांना पाहिलंय. तिथे जवळ जाऊ देत नाहीत. इथे तळलेल्या शेवेसाठी भांडतात. मी पाहुण्यांना शेव टाकू नका म्हणतो. ते माझं ऐकत नाहीत, आणि नाववाला माझ्याकडे असा बघतो की जणू मी त्याच्या ताटात माती कालवतोय. एक दिवस कंटाळून मीच विचारलं, पाकीट कितीला? दहाला. त्यातले काही पैसे त्याच्या मुलीच्या शाळेचे होते, हे त्याने नंतर सांगितलं. तेव्हापासून मी एकदाच सांगतो आणि गप्प बसतो.

डॉल्फिनसाठी दशाश्वमेधला थांबून उपयोग नाही, हे मला दोन वर्षं हेलपाटे घातल्यावर कळलं. 2009 च्या ऑक्टोबरात, आमच्या पहिल्या सहलीच्या दोन महिने आधी, गंगेतल्या डॉल्फिनला राष्ट्रीय जलचर ठरवलं होतं, त्यामुळे पाहुणे विचारायचे. घाटांसमोर इंजिनांचा इतका कालवा असतो की आवाजावर जगणारा प्राणी तिथे कशाला रेंगाळेल? त्याचे डोळे नावापुरतेच. नाकाच्या मार्गातून बारीक आवाज काढायचा आणि परत आलेल्या पडसादावरून मासा कुठे, वाळू कुठे, नाव कुठे हे ओळखायचं. खाली तीसेक किलोमीटरवर कैथीला गोमती गंगेला मिळते. तिथल्या डोहात ते असतात. आम्ही पहाटे निघतो, काठावर गप्प बसतो. आधी ऐकू येतं, मग दिसतं. "सूं" असा श्वास सुटतो, करडी पाठ वळते, लांब चोच क्षणभर दिसते आणि पाणी मिटतं. पुढचा श्वास कुठे येईल याचा नेम नसतो. इथले लोक त्याला सूंस म्हणतात.

मराठी माणसाला हा शब्द ऐकून सुसर आठवते, आणि ते बरोबरच आहे. दोन्ही शब्द संस्कृतातल्या शिशुमारापासून आले. गंगेच्या लोकांनी तो डॉल्फिनला दिला. आपल्या नद्यांत डॉल्फिन नाही, म्हणून आपण तो मगरीच्या भावकीला लावला. प्राणी बदलला तरी नाव रिकामं राहायला नको! मी हे सांगितलं की कोणीतरी तक्त्यात सुसरीपुढे खूण करतो आणि मी ती खोडून घेतो.

2025 च्या मार्चमध्ये देशभरातल्या नद्यांतल्या डॉल्फिनांची पहिली मोजणी जाहीर झाली: 6,327. त्यातले 2,397 एकट्या उत्तर प्रदेशात. आकडा जाहीर झाला तो सासणला, म्हणजे गीरमध्ये. बातमी वाचताना मला मुगलसरायचा फलाट आठवला. निदान यांची कोणीतरी मोजदाद केली.

कासवांचं अभयारण्य 2020 साली रद्द झालं. मी हे ऐकून फार हळहळलो असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. घाटावरचे लोक कितीतरी वर्षं कुरकुरत होते. अभयारण्य म्हणून वाळूउपसा बंद, त्यामुळे पलीकडे वाळूचा डोंगर होतो, प्रवाह इकडे रेटला जातो आणि घाटांच्या पायऱ्या खालून पोखरल्या जातात, असं त्यांचं म्हणणं. दुसरीकडे जहाजांचा जलमार्ग याच पाण्यातून जायचा होता. तज्ज्ञांचाही अहवाल आला की कासवांनी राहावं अशी ही जागा उरलेली नाही. नाले, नावा, कालवा, सगळं खरं होतं. पण ते 1989 लाही थोडंफार खरं होतंच. त्याऐवजी वरच्या अंगाला प्रयागराज, मिर्झापूर, भदोहीच्या पट्ट्यात तीस किलोमीटरचं नवं अभयारण्य केलं. आपली माणसं काशीहून प्रयागला जातात तशी कासवंही गेली, अशी कागदावर सोय झाली. 2021 मध्ये समोरच्या वाळूत एक मोठा कालवा खणला. त्याच पावसाळ्यात गंगेने तो बुजवून टाकला. 2023 च्या जानेवारीत इथून दिब्रुगडला जाणारं आलिशान जहाज सुटलं, 51 दिवसांचं. वाटेत बिहारमधलं विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आणि पुढे काझीरंगा. माझ्या सगळ्या तक्त्यांवरून ते एकाच फेरीत जातं. तिकीट माझ्या पाहुण्यांच्या आवाक्यातलं नाही, तेवढंच बरं.

गेल्या हिवाळ्यात दशाश्वमेधवर पुन्हा नाव केली. माणूस तोच, आता पंचेचाळिशीचा, नाव सीएनजीवर चालणारी. सहलीत नाशिकचं एक कुटुंब होतं, त्यात दहा-बारा वर्षांचा मुलगा. पायऱ्यांवर आज्यांची सोडण्याची यादी चालली होती. वांगं आता फारसं कोणी सोडत नाही, दोघींनी व्हॉट्सअ‍ॅप सोडलं, तेही फक्त रात्री नऊनंतरचं. मुलाला मी कासवांची गोष्ट सांगितली. तो माझ्याकडे न बघता थेट नाववाल्याकडे वळला. "भैया, कछुआ दिखेगा?"

"सेंचुरी तो हट गई, बेटा।" मग सुकाणू एका हातात धरून त्याने दुसऱ्या हाताने पलीकडचा वाळूचा काठ दाखवला. "पर परसों वहाँ एक धूप में बैठा था। इतना बड़ा।" पुरणपोळीच्या परातीएवढा आकार त्याने हवेत काढला.

नाव त्याने त्या बाजूला घेतली. वाळूवर एक कुत्रं होतं, उंटवाले होते, पतंग उडवणारी पोरं होती. ऐन कडेला, पाण्याला लागून, काहीतरी काळपट सपाट होतं. मी दुर्बीण लावेपर्यंत ते नव्हतं. पाण्यावर एक लहानसं वर्तुळ तेवढं पसरत होतं. मुलगा म्हणतो होतं. त्याची आई म्हणते पिशवी होती. नाववाल्याने खांदे उडवले.

नाशिकला परतल्यावर त्या मुलाचा फोन आला. काशीचा तक्ता का नाही तुमच्याकडे, त्याला खूण कुठे करायची? मी दुसऱ्याच दिवशी आमच्या नेहमीच्या छापखान्यात यादी पाठवली. सूंस, मऊ पाठीचं कासव, तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव, खंड्या, माकड, घाटावरचा सांड. एकूण सात चौकोन. छापखानेवाल्याचा फोन आला, वर उद्यानाचं नाव काय टाकू?

दशाश्वमेध घाट टाका, म्हणालो.

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, फाइल चुकली का? पूजेच्या सामानाची यादी पाठवायची होती का तुम्हाला?"